आईबद्दल अभिनंदन

वाढदिवसाला खुर्च्या गोलाकार मांडायची रीत ज्या कुणी सुरू केली, त्याला भावंडं नसावीत. मेमच्या बैठकीच्या खोलीत पाऊल टाकताना योरीनच्या मनात आधी हेच आलं. गोलात कुणाकडे पाठ फिरवता येत नाही. समोर जो बसलाय तो दिसतोच, आणि आज समोर गेर्बन बसणार होता. गेर्बन तिचा थोरला भाऊ. दीड वर्षं तो तिच्याशी एक अक्षर बोललेला नव्हता.

तिने खांद्यावरच्या लेकीला, मिंकेला, सावरलं आणि खुर्च्यांवरून नजर फिरवली. खिडकीजवळ बसावं तर फटीतून वारा येत होता. दाराजवळ बसावं तर माणसागणिक गार झोत येणार. कॉफीच्या टेबलाजवळ तर मुळीच नको. पाच महिन्यांच्या पोरीच्या डोक्यावरून उकळती किटली फिरवणारे हात तिने या घरात लहानपणापासून पाहिले होते. उरली ती एकच खुर्ची, कपाटाला टेकलेली, अगदी मधोमध. सगळ्यांच्या तोंडासमोर.

"बस की," दाउवे म्हणाला. दाउवे तिचा नवरा, शाळेत भूगोल शिकवायचा आणि सासरच्या भांडणात मात्र कुठल्याच नकाशावर दिसायचा नाही. "कुठेही बसलीस तरी तो दिसणारच आहे."

"मेमला मदत हवी का?" योरीनने स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारलं.

मेम म्हणजे आई, जसे हाइट म्हणजे वडील. या भागातल्या जुन्या घरांत आईला 'तू' म्हणत नाहीत, 'तुम्ही'ही म्हणत नाहीत. तिच्या तोंडावरही 'मेम' म्हणूनच, तिऱ्हाइताविषयी बोलावं तसं बोलतात. बाहेरून आलेल्या दाउवेला ते वळण पडायला वर्ष लागलं होतं.

"मेमला काही नको," आतून उत्तर आलं. "पोरीला गरम कपडे घातलेस का?"

"घातलेत."

"मग उकडेल तिला."

सकाळपासून योरीनने मिंकेची टोपी चारदा घातली आणि चारदा काढली होती.

भांडण पैशांचं होतं, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. वडिलांची तळ्याकाठी लाकडी होड्या दुरुस्त करायची शेड होती. गेर्बन सोळाव्या वर्षापासून तिथे त्यांच्या हाताखाली राबला. पुढे लाकडी होड्या संपल्या, मग वडील संपले, आणि मेमने शेड विकून टाकली. कर्ज फिटून वर जी रक्कम उरली तिचं काय करायचं याबद्दल मेमच्या मनात दोन गोष्टी पक्क्या होत्या. एक, द्यायचं तर हात उबदार असताना, म्हणजे जिवंतपणीच द्यावं. गार हाताने दिलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही. दोन, करवाल्याच्या घशात दमडी जाता कामा नये.

या दोन गोष्टींनी मिळून घात केला. त्या वेळी कायदा असा होता की, घर घ्यायला आईबापांनी मुलाला लाखभर युरो दिले तर त्यावर कर नाही, मात्र मूल चाळिशीच्या आतलं हवं. गेर्बनला चाळिशी ओलांडून तीन वर्षं झाली होती. मधली बहीण विट्स्के नुकतीच ओलांडून बसली होती. चाळिशीच्या आत एकटी योरीन. मेमने हिशोब केला आणि सगळं योरीनला देऊन टाकलं. दुसऱ्या दोघांचं पुढे बघू, कर न भरता काहीतरी वाट निघेलच. आणि हे त्या दोघांना सांगायची तिला गरजच वाटली नाही. पोरं शहाणी आहेत, समजून घेतील.

शहाण्या पोरांना ते कळलं योरीनच्या नव्या घराच्या वास्तूला. मेम हातात वाइनचा पेला घेऊन भिंतीवर थाप मारत म्हणाली, "ही भिंत माझी बरं का! आणि ती पलीकडचीही." सगळे हसले. गेर्बन हसला नाही. त्याने विचारलं, "म्हणजे?" आणि मेमने म्हणजे काय ते सांगितलं.

त्यानंतर मेमच्या घराच्या पन्हाळी साफ करायला, बागेतलं गवत कापायला, तिला डॉक्टरकडे न्यायला गेर्बन येतच राहिला. जिथे योरीन असेल तिथे मात्र तो येईना. मिंके झाली तेव्हा त्याच्या बायकोने, रेन्स्केने, टपालाने एक विणलेला स्वेटर पाठवला. त्यावर त्याचं नाव नव्हतं.

पण आईचा पंचाहत्तरावा वाढदिवस चुकवणं त्याच्यासारख्यालाही शक्य नव्हतं.

विट्स्के आली, शेजारचा म्हातारा इपे आला. विट्स्केने रिवाजाप्रमाणे सगळ्यांच्या गालांना तीन-तीनदा गाल लावून "आईबद्दल अभिनंदन", "शेजारणीबद्दल अभिनंदन" केलं आणि धपकन खुर्चीत बसली. इपेला ऐकू कमी येत असल्यामुळे त्याने प्रत्येकाचं दोनदा अभिनंदन केलं. इथे वाढदिवस एकट्याचा नसतो. ज्याच्याशी त्या माणसाचं नातं, त्या प्रत्येकाचं अभिनंदन करायचं, एकेक खुर्ची घेत. घटस्फोट घेतलेली माणसंसुद्धा करतात.

मग गेर्बन आणि रेन्स्के आले. रेन्स्केने भराभर फेरी पूर्ण केली. योरीनच्या गालाला तिचा गाल लागला तो गार होता. तिने मिंकेच्या पायाला हळूच चिमटा काढला आणि स्वेटर ओळखून नजर वळवली. गेर्बन सावकाश येत होता. मेमला तीन पाप्या. इपे. विट्स्के. मग दाउवेचा हात, "सासूबाईंबद्दल अभिनंदन." दाउवे म्हणाला, "तुझंही." पुढची खुर्ची योरीनची.

योरीन अर्धवट उठली. मिंके कडेवर असल्याने तिला पटकन उठता येत नव्हतं. तेवढ्यात मेम ट्रे घेऊन दारात आली आणि गेर्बन वळला.

"मेमने बसावं, मी घेतो." त्याने ट्रे हातातून काढून घेतला, टेबलावर ठेवला, कप मांडले, आणि मग आपल्या खुर्चीत जाऊन बसला.

योरीन अर्धी उठलेली होती, ती पुन्हा पूर्ण बसली.

"पोस्टमन," विट्स्के म्हणाली, "एक घर राहिलं तुझं."

"त्या घराला माझ्या टपालाची गरज नाही," गेर्बन म्हणाला. "भिंतीसुद्धा फुकट मिळाल्यात."

"कोण पडलं भिंतीवरून?" इपेने विचारलं.

"कुणी नाही इपेकाका, केक खा."

गुलाबी साखरेचा थर आणि वर क्रीम असलेल्या केकचे चौकोनी तुकडे फिरले. बोलणं निघालं ते वाऱ्याचं, तळ्यातल्या पाण्याच्या पातळीचं, पुलाच्या दुरुस्तीचं. योरीन हो-ला हो करत होती. झोप तिच्या डोळ्यांत वाळूसारखी खुपत होती. पण तिची नजर गेर्बनला टाळून पुन्हा पुन्हा बाहेर जात होती. खिडकीतून मागचा धक्का दिसत होता, पाण्यात शिरणारी फळी, आणि फळीशेजारची दोरी. त्या दोरीवर एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत रोज सकाळी एक निळा टॉवेल वाळत असायचा. मेम चाळीस वर्षं रोज सकाळी त्या फळीवरून पाण्यात पोहायला उतरत आली होती. वडील गेले त्या दिवशीसुद्धा उतरली होती; "रडायला तीच जागा बरी," म्हणाली होती. सप्टेंबर अजून सरला नव्हता. दोरी रिकामी होती. गुरुवारी मिंकेला मेमकडे सोडलं तेव्हाही रिकामीच होती.

"एक सांगायचंय," मेम म्हणाली. तिने बशी गुडघ्यावर ठेवली. "उद्या घराचे फोटो काढायला माणूस येणार आहे. विकायला काढते."

"कुठलं घर?" विट्स्केने विचारलं.

"माझी किती घरं आहेत? हेच. स्नेक शहरात चौथ्या मजल्यावर एक फ्लॅट बघितलाय भाड्याने. लिफ्ट आहे. इस्पितळ समोर. घराचे पैसे आले की गेर्बनला तेवढे आणि तुला तेवढे, योरीनला दिले तेवढेच. एकदाचं सगळं सारखं करून टाकते."

"कुणी मागितलंय का मेमकडे?" गेर्बनचा आवाज चढला.

"तू नाही मागत. तू येतोस आणि न मागता बसतोस. पन्हाळी साफ करताना न मागता ब्रश घासतोस. मागितलेलं परवडलं, बाबा."

"मी पंचवीस वर्षं त्या शेडमध्ये राबलो!"

"तुला पगार मिळत होता."

"पगार! हाइटने कधी वेळेवर दिला? मेमला सगळं माहीत आहे. पैशांचं सोडा. एक शब्द सांगायचा होता. 'गेर्बन, असं असं करतेय.' एवढंच. मला कळलं ते भिंतीवर थाप मारल्यावर!"

"मला वाटलं, तुला कायदा समजेल."

"मला कायदा समजतो. आई समजत नाही."

रेन्स्केने त्याच्या बाहीवर हात ठेवला. मग, बहुधा इतका वेळ गप्प राहिल्याचा ताण असह्य होऊन, तीच बोलली, "आणि नुसते पैसेच नाहीत. गुरुवारसुद्धा आहेत. आमची दोन पोरं लहान होती तेव्हा मेमला शेडमधली कामं असायची. एक दिवस सांभाळली नाहीत. मी तापात दोघांना घेऊन कामावर गेलेय. मिंकेला मात्र दर गुरुवारी आजी."

"तो माझा दोष आहे का?" योरीनच्या तोंडून निघून गेलं.

"तुझा कशातच दोष नसतो," गेर्बन तिच्याकडे न बघता म्हणाला. दीड वर्षात तो तिच्याशी बोलला ते हे पहिलं वाक्य.

मिंके रडायला लागली. योरीनला त्या क्षणी मिंकेचे उपकारच वाटले. ती पिशवी घेऊन मेमच्या झोपायच्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. खोलीतल्या खुर्च्या बाहेर नेल्यामुळे खोली ओकीबोकी दिसत होती. लंगोट बदलायला तिने पलंगावर चादर पसरली आणि तेवढ्यात कोपऱ्यातलं खोकं तिला दिसलं. उघडंच होतं. त्यात हिवाळ्यातले बूट, हाइटची टोपी, आणि सगळ्यात वर नीट चौकोनी घडी घातलेला निळा टॉवेल. कोरडा. चौथ्या मजल्यावर त्याचं काय काम, हा प्रश्न मेमला पडला असेल. पण टाकवलाही नसेल.

योरीन पलंगाच्या कडेला बसली. मिंके उघडे पाय हलवत छताकडे बघत होती.

आपलं घर विकून पैसे परत करावेत, हे दाउवे आणि ती कितीदा तरी बोलले होते, मिंकेला झोपवून, हळू आवाजात. पण ते विकून, पैसे परत करून जे उरलं असतं त्यात आता दुसरी खोलीसुद्धा मिळाली नसती. शेवटी दोघं नेहमी याच मुद्द्याशी येऊन थांबायचे की, दिलेली वस्तू परत करणं म्हणजे मेमचा अपमान. हा मुद्दा सोयीचा होता, हे दोघांनाही कळत होतं.

आणि मग तिच्या मनात तिचे दोन दिवस आले. पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत ती आठवड्यातून तीन दिवस जायची. गुरुवारी मिंके मेमकडे, दोन दिवस पाळणाघरात. सोमवार आणि शुक्रवार मात्र तिचे आणि मिंकेचे. मिंके पोटात असताना तिने त्या दोन दिवसांची चित्रं काढून ठेवली होती मनात. तळ्याकाठी गाडी ढकलत जायचं, दुपारी दोघींनी झोपायचं. ते दिवस चित्रासारखे नव्हते. तिला बहुतेक वेळ मिंके श्वास घेतेय ना हेच बघण्यात जायचा. पण ते तिचे होते. साहेब मागेच विचारून गेले होते, पाच दिवस येणार का म्हणून. ती हसून नाही म्हणाली होती.

तिने मिंकेचं डोकं हुंगलं. दुधाचा आणि लोकरीचा वास. "तुला काय वाटतं?" तिने विचारलं. मिंकेने मूठ तोंडात घातली.

बाहेर आली तेव्हा सगळे तसेच गोलात बसलेले होते. इपे दुसरा तुकडा खात होता. मेमच्या गुडघ्यावरची बशी तशीच होती.

योरीन बसली नाही. बसली असती तर बोलू शकली नसती.

"मेमने घर विकू नये," ती म्हणाली. "मी पाचही दिवस कामाला जाईन. वाढलेल्या दोन दिवसांचा पगार, पाळणाघराचे जाऊन जो उरेल तो, दर महिन्याला. अर्धा गेर्बनला, अर्धा विट्स्केला. तिघांचं सारखं होईपर्यंत. खूप वर्षं लागतील. पण मेम इथेच राहील."

दाउवेने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. त्याला काहीच विचारलेलं नव्हतं. घरी गेल्यावर त्याची समजूत काढावी लागणार, हे तिला कळलं, आणि आत्तापासूनच त्याचाही थकवा आला.

"आणि माझा गुरुवार?" मेमने विचारलं.

"गुरुवार मेमचाच. त्याला कुणी हात लावत नाही."

सगळे गेर्बनकडे बघायला लागले. योरीनही. तिला मनातून पक्कं वाटत होतं, आणि पुढे कितीतरी दिवस तिला त्याची लाज वाटत राहिली, की तो नको म्हणेल. हात उडवील, म्हणेल, 'वेडी आहेस का, पोरीपाशी राहा, पैसे घाल चुलीत.' दीड वर्षाचा राग अशा वेळी विरघळतो, असं तिला कुठेतरी वाटत होतं.

गेर्बन आपल्या हातांकडे बघत होता. नखांच्या कडांना रंग लागलेला होता. शेड गेल्यापासून तो दुसऱ्यांच्या प्लॅस्टिकच्या होड्या रंगवायला जात असे.

"चालेल," तो म्हणाला. "कुठल्या महिन्यापासून?"

योरीनचे कान गरम झाले. "नोव्हेंबर," ती म्हणाली. "पाळणाघरात जागा मिळाली तर."

"नोव्हेंबर. बरं." त्याने रेन्स्केकडे पाहिलं. "आमच्या धाकट्याच्या दातांना तारा बसवायच्या आहेत," तो जरा वेळाने म्हणाला, कुणीच विचारलं नव्हतं तरी.

"मला नको, असं म्हणायला मला फार आवडलं असतं," विट्स्के म्हणाली. "इतकी छान दिसले असते मी या खुर्चीत. पण मला हवेत. माझी गाडी बघितलीत ना?"

मेम एकेकाकडे बघत होती. तिच्या कपाळावर आठी पडली. "थांबा," ती म्हणाली. "बहिणीने भावाला दिलं तर त्यावर कर बसतो का?"

विट्स्केच्या नाकातून एक आवाज आला, रेन्स्केने तोंडावर रुमाल धरला, आणि गेर्बन हसला. मोठ्याने नाही, दमलेला माणूस जड ओझं खाली ठेवताना करतो तसा आवाज होता तो. इपेला काही ऐकू आलं नव्हतं तरी तो सगळ्यात जास्त वेळ हसला.

"हसण्यासारखं काय आहे त्यात?" मेम म्हणाली. "मी विचारून ठेवलेलं बरं. आणि त्या उद्याच्या माणसाला येऊ नको म्हणून कोण सांगणार? मी नाही सांगणार. मी त्याला कॉफी कबूल केलीय."

"मी सांगतो," गेर्बन म्हणाला.

योरीन खाली बसली. सोमवार गेला, शुक्रवार गेला. बदल्यात काय मिळालं, हे तिला नीटसं सांगता आलं नसतं. पण ओझ्याचं वजन कळलं होतं. इतके दिवस ते अंधारात हाताला लागत नव्हतं, तेच जास्त जड होतं.

निघताना पुन्हा फेरी असते. गेर्बनने मेमचा निरोप घेतला, इपेचा घेतला. योरीन मिंकेला टोपी घालत होती. तो समोर येऊन थांबला. खाली वाकून त्याने मिंकेची ओली मूठ दोन बोटांत धरली आणि गंभीरपणे हलवली.

"आजीबद्दल अभिनंदन," तो मिंकेला म्हणाला. मग सरळ झाला, एकदा घसा खाकरला आणि योरीनच्या उजव्या गालाला गाल लावला. दाढीचे खुंट टोचले. "आईबद्दल," तो म्हणाला. एकदाच. आणि कोट घ्यायला वळला.

"रिवाज तीनचा आहे!" विट्स्के मागून ओरडली.

"बाकीचे दोन हप्त्याने," गेर्बन दारातून म्हणाला.

दाउवे गाडी चालवत होता. पुलावर लाल दिवा लागला तेव्हा म्हणाला, "मला विचारलं असतंस तर मी हो म्हटलं असतं."

"माहीत आहे," योरीन म्हणाली. मग तिला आठवलं, गेर्बनची तक्रार हीच होती. तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. मागच्या सीटवर मिंके झोपली होती. योरीनने वळून तिची छाती वरखाली होतेय ना ते पाहिलं.

गुरुवारी सकाळी ती मिंकेला सोडायला गेली तेव्हा धुकं होतं. दोरीवर निळा टॉवेल होता आणि त्यातून पाणी ठिबकत होतं. मेम दारात उभी होती, केस डोक्याला चिकटलेले, ओठ निळसर, दोन्ही हात पुढे केलेले.

"आण तिला इकडे."

योरीनने मिंकेला घट्ट धरून ठेवलं.

"मेमने आधी हात गरम करून यावं," ती म्हणाली.